पाठतुलनेचा तक्ता आणि संगणक

लोकाश्रयावर चालणाऱ्या विद्यासंस्थांच्या संगणकीय स्थित्यंतराचा विचार बहुधा यंत्रखरेदीपासून सुरू होतो. यंत्राच्या आधी पद्धती यावी लागते आणि ती घालून देणे हे नेतृत्वाचे कार्य होय, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

संस्थेची स्थापना १९१७ साली झाली. पुढच्याच वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांचे अभिवचन दिले आणि १९१९ मध्ये कार्यास आरंभ झाला. १९२३ साली विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती निघाली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, आणि १९३३ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह आदिपर्व पूर्ण झाले.

या कार्याचा खरा आधार होता तो पाठतुलनेचा तक्ता. उभ्याआडव्या रेघांनी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित पाठ अक्षरशः मांडावयाचा. त्याखाली प्रत्येक पोथीच्या संकेताक्षरापुढे तिचा पाठभेद नेमक्या त्याच अक्षराखालील घरात नोंदावयाचा, अशी ही रीत. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठतुलना चाले. नोंदीचा साचा एकच असल्यामुळे परस्परांपासून दूर बसलेल्या पंडितांचे श्रम एकत्र करता आले. १९४३ साली सुकथनकर निवर्तले, तरी कार्य खुंटले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले. १२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झालेली ही संहिता १९६६ साली पूर्ण झाली. व्यक्तीच्या पश्चातही टिकेल अशी पद्धती मागे ठेवणे, हेच सुकथनकरांच्या नेतृत्वाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

पुढे ही संहिता संगणकावर आणण्याचे श्रम क्योतो विद्यापीठाचे मुनेओ तोकुनागा व त्यांचे सहकारी यांनी केले. केंब्रिजचे जॉन स्मिथ व इतरांनी तिचे संशोधन केले आणि १९९९ साली भांडारकर संस्थेच्या नावे ती संगणकीय संहिता प्रकाशात आली. परदेशस्थ अभ्यासकांना हे साधले याचे कारण उघड आहे. पर्व, अध्याय आणि श्लोक यांचे क्रमांक निश्चित होते. पाठाचा निर्णय झालेला होता. यंत्राला जी शिस्त लागते ती कागदावर आधीच सिद्ध होती. आज एखादा शब्द सबंध महाभारतात कोठे कोठे आला आहे हे क्षणात शोधता येते. भाषाभ्यासाला याचा लाभ केवढा झाला हे सांगावयास नको.

तथापि या लाभाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मुद्रित आवृत्तीत ज्या पाठाविषयी संपादकांना पुरती खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ आहे, आणि पृष्ठाच्या तळाशी पोथ्यापोथ्यांतील पाठभेद आहेत. साध्या अक्षरपाठात त्या रेघेला जागा नसते. असा पाठ एकटाच वाचकाच्या हाती पडला, तर संपादकांचा साधार पण संशयसापेक्ष निर्णय हेच मूळ महाभारत होय, असा समज सहज रूढ होतो. चिकित्सक आवृत्तीतून चिकित्साच वगळली, तर उरते ती आणखी एक पोथी.

५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर झालेल्या हल्ल्यात ग्रंथांची व हस्तलिखितांची हानी झाली. एकमेव प्रत किती असुरक्षित असते याचा तो कठोर प्रत्यय होता. पोथ्यांची छायाचित्रे संगणकात साठविण्याची निकड त्यामुळे वादातीत ठरते. परंतु छायाचित्र पोथीचे रूप राखते. तिचा इतर पोथ्यांशी असलेला संबंध ते सांगत नाही. तो संबंध तक्त्याने सांगितला होता.

म्हणून अशा संस्थांच्या धुरीणांपुढील प्रश्न किती पृष्ठे संगणकात उतरली एवढाच नाही. ज्ञानाबरोबर त्याची साक्षही उतरली की नाही, हे त्यांनी पाहावयाचे आहे. यंत्र विकत मिळते, अक्षरे भरणारे हातही मिळतात. काय गाळावयाचे नाही हे मात्र संस्थेलाच ठरवावे लागते. सुकथनकरांनी हा निर्णय कागदावर केला होता. संगणकावर तो पुन्हा करणे, हे त्यांच्या वारसांचे कर्तव्य ठरते.