ब्रह्मपुरीच्या टेकाडाखालचें कोल्हापूर

प्राचीन असीरियाचें नांव काढतांच रथ आणि तलवारी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु तैग्रिस नदीकांठचें अश्शूर हें शहर प्रथम नांवारूपास आलें तें व्यापारानें. इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास तेथील व्यापारी गाढवांवर कथील व कापड लादून अनातोलियांतील कानेश नगरापर्यंत जात. त्यांनीं मातीच्या फलकांवर लिहिलेलीं पत्रें व हिशेब हजारोंनीं मिळाले, म्हणून त्या राज्याचें बालपण आज वाचतां येतें.

कोल्हापूरच्या बालपणाचें असें दप्तर नाहीं. शिलाहारांच्या शिलालेखांतून अकराव्या-बाराव्या शतकांतील कोल्हापूर बोलतें. त्याहून हजार वर्षें जुनें कोल्हापूर मात्र पंचगंगेकांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत मुकेपणें पडून होतें. १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. वरच्या थरांत बहामनी काळची वस्ती लागली; तिच्या खालीं सातवाहनकालीन विटांचीं घरें निघालीं.

या नगरीचे राजे कोण? कोल्हापुरांत मिळालेल्या जुन्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर अशीं, मातेच्या नांवाचा मान राखणारीं नांवें आहेत. दुसऱ्या शतकांतील भूगोलकार टॉलेमी बालेओकुरोस नामक राजाच्या हिप्पोकुरा राजधानीचा उल्लेख करतो. तो हाच विळिवायकुर, असें अनेक विद्वान मानतात.

त्याहून नवलाची वस्तु प्रा. कुंदणगार यांच्या आधींच्या खोदकामांत हातीं आली: पोसायडन या ग्रीक सागरदेवाची लहानशी कांस्यमूर्ति. सह्याद्रीच्या पलीकडे राहिलेल्या समुद्राचा देव या नदीकांठीं आला, तो कोंकणच्या एखाद्या बंदरांतून घाट चढणाऱ्या मालाबरोबरच आला असावा. अश्शूरप्रमाणें येथेंही नगराच्या पायाशीं बाजारपेठ दिसते. ती मूर्ति टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहे.

उत्खनन झालें तें टेकाडाच्या थोड्या भागाचें; उरलेल्यावर वस्ती उभी आहे. जेथें लेखी दप्तर नाहीं, तेथें कोणती खापरी कोणत्या थरांत होती हीच इतिहासाची भाषा. नव्या घराच्या पायासाठीं थर एकदां कालवले गेले, कीं खापरी उरते, पण तिचा अर्थ हरपतो. कोल्हापूरच्या आरंभाचीं न वाचलेलीं पानें अशीं कुदळीच्या एका घावाच्या अंतरावर आहेत.