आज्ञार्थ आणि स्वार्थ : बिल्ड साधने व आयडीई यांच्या संबंधाचा इतिहास

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानण्याची परंपरा आहे. 'दार उघड' ही आज्ञा. 'दार उघडे आहे' हे स्वार्थी विधान. आज्ञा पाळता येते किंवा मोडता येते, पण ती खरी की खोटी हे विचारता येत नाही. विधान तपासता येते, आणि ते ऐकणारा तिसरा मनुष्यही त्यावरून आपले काम चालवू शकतो. संगणकक्षेत्रातील एका जुन्या अडचणीचा इतिहास ह्याच भेदाच्या आधारे नीट उलगडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ती अडचण अशी. जावा भाषेत वेब ॲप्लिकेशन लिहिणारा प्रोग्रामर दोन साधने वापरतो. आयडीई हे त्याचे लेखनाचे स्थान. लिहितानाच ती चुका दाखविते, आणि एक्लिप्समध्ये तर त्यासाठी स्वतंत्र कंपायलर असतो. बिल्ड साधन सर्व फायली कंपाइल करून, लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडून, सर्व्हरवर ठेवण्याजोगे एक गाठोडे बांधते. १९९९ मध्ये सर्व्हलेट २.२ च्या नियमावलीने ह्या गाठोड्याला 'वॉर' फाइल हे ठराविक रूप दिले. परंतु ते बांधावे कसे, हे ठरले नाही. प्रकल्पात काय कोठे आहे हे दोन्ही साधनांना ठाऊक असावे लागते, आणि प्रत्येकाने ते आपापल्या वहीत लिहिले. दोन वह्या जुळेनाशा झाल्या की आयडीईत निर्दोष दिसणारा प्रकल्प बिल्डमध्ये मोडतो.

आज्ञार्थाची परंपरा प्रथम आली. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत रचलेल्या 'मेक'मध्ये कोणती फाइल कशावर अवलंबून आहे एवढे विधान असे. त्याखाली लगेच आज्ञा येत. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅटच्या बांधणीसाठी लिहिलेले 'अँट' २००० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्याची लिपी एक्सएमएलची असल्यामुळे ते वर्णनासारखे दिसे. वस्तुतः त्यात अमुक फोल्डर कर, अमुक फाइल तेथे ने, अशा आज्ञाच होत्या. आयबीएमने २००१ च्या नोव्हेंबरात खुली केलेली एक्लिप्स ह्या आज्ञा चालवू शके. पण त्यांवरून प्रकल्पाची रचना खात्रीने ओळखणे तिला शक्य नव्हते. ती माहिती प्रोग्रामरला पुन्हा हाताने भरावी लागे.

'मेव्हन'चे महत्त्व येथे आहे. जाकार्ता टर्बाइन ह्या प्रकल्पसमूहात प्रत्येक घटकाची अँट-फाइल थोडीथोडी निराळी असे. त्या गोंधळातून हे साधन जन्मले. २००४ मध्ये त्याची पहिली आणि २००५ मध्ये दुसरी मुख्य आवृत्ती आली. मेव्हन हा यिद्दिश शब्द असून त्याचा अर्थ जाणकार असा आहे, आणि ते नाव सार्थ आहे. त्याच्या 'पोम' फाइलमध्ये मुख्यतः विधाने असतात: हा प्रकल्प वॉर प्रकारचा आहे, ह्याला अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती लागते. विधान असल्यामुळे ते मेव्हनखेरीज इतरांनाही वाचता येते.

तरीही आयडीईने ते लगेच वाचले नाही. प्रथम अनुवादाचा मार्ग निघाला: मेव्हनच्या एका प्लगिनने पोमवरून एक्लिप्सच्या फायली लिहून द्यावयाच्या. पोम बदलला की अनुवाद शिळा होई आणि तो पुन्हा करावा लागे. पुढे 'एमटूएक्लिप्स'ने पोम थेट वाचण्यास आरंभ केला. २०११ च्या जूनमध्ये 'इंडिगो' आवृत्तीबरोबर त्याची १.० आवृत्ती आली, आणि अनेकांचे चालू प्रकल्प एकाएकी लाल खुणांनी भरले. पोममधील ज्या प्लगिनचे काम एक्लिप्सला समजत नव्हते, त्याविषयी ती आता प्रोग्रामरलाच विचारू लागली: हे चालवू की सोडून देऊ? त्या वेळी ह्यावर पुष्कळ रोष झाला. तथापि ही खूण योग्य होती असे आज वाटते. विधानांच्या पोटात दडलेल्या आज्ञाच तिने उघड केल्या होत्या.

देवनागरी लिहिणाऱ्यांना ह्या दोन वह्यांचा विशेष फटका बसला. आमच्या एका शब्दसंग्रहाच्या प्रकल्पात एक्लिप्सच्या वहीत 'यूटीएफ-८' अशी नोंद होती. पोममध्ये ती नव्हती. आयडीईत 'ळ' हा 'ळ'च दिसे. परंतु विंडोजवर बिल्ड केले की मेव्हन त्या यंत्राची पाश्चात्त्य अक्षरसंहिता गृहीत धरी, आणि ब्राउझरमध्ये मराठी शब्दांच्या जागी रोमन चिन्हांची निरर्थक रांग उमटे. दोन दिवस आम्ही फॉन्टला दोष देत होतो. पोममध्ये अक्षरसंहितेची एक ओळ लिहिताच दोन्ही साधने एकमताने वागू लागली. २०२२ मधील जावा १८ पासून यूटीएफ-८ हीच मूळ संहिता मानली जाते. परंतु जुन्या जावावर चालणाऱ्या प्रकल्पांत ती ओळ आजही आवश्यक आहे.

'ग्रेडल'ने पुन्हा आज्ञार्थाकडे झुकणारी, प्रत्यक्ष प्रोग्रामच असलेली बिल्ड-फाइल आणली. मात्र तिच्याबरोबर एक सोय दिली: आयडीईने फाइल न वाचता ग्रेडललाच प्रश्न विचारावा आणि त्याने प्रकल्पाचे वर्णन उत्तरादाखल द्यावे. २०१८ मध्ये स्काला सेंटर व जेटब्रेन्स यांनी मांडलेल्या 'बिल्ड सर्व्हर प्रोटोकॉल'ने अशा प्रश्नोत्तरांना कोणत्याही एका साधनाशी न बांधलेले सामायिक रूप दिले. नक्कल, वाचन आणि संवाद अशा ह्या इतिहासाच्या तीन पायऱ्या दिसतात.

ह्यावरून संशोधक विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. एखादा प्रकल्प हाती आला की त्याविषयीचे अधिकृत विधान कोणत्या फाइलमध्ये आहे हे आधी शोधावे, आणि बदल तेथेच करावा. आयडीईच्या खिडकीत केलेली दुरुस्ती आपल्या यंत्रापुरती राहते. पुढच्या वर्षी तोच संग्रह उघडणाऱ्या सहाध्यायाला ती मिळत नाही.