काट्यांची राखण

"ते गिरणीच्या आधीचं," असं आजी म्हणाली की गोष्ट १९५५च्या मागची आहे, हे आम्ही समजून घ्यायचो. त्या वर्षी वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५९पासून कर्नाटकातल्या दांडेलीत कागद निघू लागला. काळी नदीचं पाणी, अळणावरहून आलेला रेल्वेचा फाटा आणि चहूकडे बांबूचं रान, सगळं एका ठिकाणी होतं. गिरणीला लागून बांगूरनगर वसलं. कामगारांची घरं झाली, शाळा झाली.

या वस्तीचा अर्धा इतिहास मात्र काळीच्या वरच्या अंगाला, सुपे तालुक्यातल्या कुणबी वाड्यांत आहे. हाच आजचा जोयडा. तिथली माणसं भात, नाचणी आणि परसातल्या कंदांवर वर्ष काढत. बांबूतोडीची रोख मजुरी घरात आली तेव्हा मुलांच्या अंगावर नवे कपडे आले, असं आजी कौतुकाने सांगायची. गिरणीने दिलेलं ती कधी विसरली नाही.

आजोबांचं बोलणं मात्र बांबूच्या बेटाच्या बुडाशी यायचं. तिथे काट्यांचं दाट जाळं असतं. गावकरी बांबू त्या जाळ्याच्या वरून तोडतात, काट्यांना हात लावत नाहीत. पावसात जमिनीतून कोवळा कोंब निघतो आणि तो गुरांना, रानडुकरांना, वानरांना, सगळ्यांनाच हवा असतो. काटे त्याची राखण करतात. गिरणीसाठी तोड सुरू झाली तेव्हा बुडं साफ होऊ लागली. बांबू काढायला सोपं पडे, शिवाय मोकळं केलेलं बेट जोमाने वाढतं, असा वनखात्याचा समज होता. "काटा काढला की कोंब गेला," आजोबा म्हणायचे.

बांबू मिळेनासा झाल्याची बुरुडांची ओरड वाढली, तेव्हा १९७५ साली कर्नाटक सरकारने परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं. गिरणीला टनामागे दीड रुपयाने दिलेला बांबू बुरुडाला बाजारात कैक पटींनी महाग पडत होता. गाडगीळ रानात हिंडले, बेटं तपासली. काटे काढलेल्या बेटांतले कोंब खाल्ले जात होते. गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

पुढे काळीवर धरण झालं. सुपे गाव पाण्याखाली गेलं, कित्येक कुटुंबं रामनगरला आली. रान मागे राहिलं, तसं रानाचं शहाणपणही सांगणाऱ्यांबरोबर ओसरू लागलं.

म्हणून वाटतं, या भागातल्या शाळांत दांडेलीचा इतिहास शिकवताना कारखान्याच्या सालांबरोबर बांबू कुठून कापायचा हेही शिकवावं. कागद यंत्रावर तयार झाला, पण त्याचा कच्चा माल पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी राखला, त्यांना विचारलं असतं तर पुष्कळ बेटं वाचली असती. जोयड्यात असे जाणते आजही आहेत. त्यांना विचारायला अजून उशीर झालेला नाही.