नीसचा निकाह आणि हैदराबाद
तुर्कस्तानने ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली. पदच्युत खलिफा दुसरे अब्दुल मजीद पुढे फ्रान्समधील नीस येथे राहिले. हैदराबादचा निजाम त्यांना दरमहा तनखा पाठवी. नोव्हेंबर १९३१ मध्ये खलिफांची कन्या दुर्रुशेवर आणि निजामपुत्र आझम जाह यांचा निकाह तेथेच झाला. मध्यस्थ होते मौलाना शौकत अली. खिलाफतीचा वारसा हैदराबादकडे येईल, या शंकेने ब्रिटिश सरकार सावध झाले. ज्या संस्थानाविषयी ही शंका होती, तेथील बहुसंख्य प्रजा हिंदू होती आणि पंतप्रधानपदी महाराजा किशन प्रसाद होते, हे मात्र सहसा विसरले जाते. खलिफांसाठी मराठवाड्यातील खुलताबादला बांधलेला मकबरा रिकामाच राहिला. १९४४ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. दफन मदिनेत झाले, तेही दहा वर्षांनी.