कायदा झाला १९७० मध्ये, बँका बोलू लागल्या पंधरा वर्षांनी

१/
'बँक सिक्रसी अ‍ॅक्ट' हे नाव वाचले की हा कायदा खातेदारांची गुपिते जपण्यासाठी झाला असावा, असे वाटते. वस्तुतः तो गुपिते उघड करण्यासाठी झाला. २६ ऑक्टोबर १९७० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. काळ्या पैशाविरुद्ध बँका आणि सरकार यांच्यात आज जे सहकार्य दिसते, त्याची एक मोठी मुळी या कायद्यात आहे. मात्र ती रुजायला फार वेळ लागला.

२/
या कायद्यामागे टेक्सासचे काँग्रेस सदस्य राइट पॅटमन यांचा आग्रह होता. न्यूयॉर्कचे सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थॉ यांनी त्यांच्या समितीपुढे साक्ष दिली. करचुकवे आणि गुन्हेगार स्वित्झर्लंडसारख्या देशांतील गुप्त खात्यांचा आश्रय घेत, आणि तपास त्या दाराशी येऊन थांबे. परदेशातील दार उघडता येत नसेल, तर पैसा देशाबाहेर पडताना तरी त्याची नोंद व्हावी, हा या कायद्यामागचा विचार होता.

३/
त्यातून नियम झाला तो असा: १०,००० डॉलरपेक्षा अधिक रोखीचा व्यवहार झाला, की बँकेने त्याचा अहवाल सरकारला द्यायचा. शिवाय खात्यांच्या नोंदी जपून ठेवायच्या. म्हणजे रोखपालाच्या खिडकीशी सरकारचा एक अदृश्य डोळा येऊन बसला. त्या डोळ्याचा खर्च आणि खातेदारांचा रोष मात्र बँकांनी सोसायचा होता.

४/
बँका न्यायालयात गेल्या. कॅलिफोर्निया बँकर्स असोसिएशनच्या जोडीला नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनही होती. माणसाच्या धनादेशांवरून त्याचे सारे आयुष्य वाचता येते, ही त्यांची भीती निराधार नव्हती. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस हे विरोधात मत देणाऱ्यांपैकी एक होते.

५/
कायदा न्यायालयात टिकला, पण शाखांमध्ये रुजला नाही. बँकांच्या लेखी हा कागदी उपचार होता आणि नियामकांनीही तपासणीत त्याकडे गांभीर्याने पाहिले नाही. त्याच सुमारास अमली पदार्थांच्या व्यापाराने फ्लोरिडा गाठले होते. देशात अन्यत्र फेडरल रिझर्व्हकडून रोकड बाहेर जात असताना फ्लोरिडात मात्र ती उलट साचत होती. पुरावा तिजोरीतच पडून होता. तो वाचण्यासाठी १९८० मध्ये 'ऑपरेशन ग्रीनबॅक' ही मोहीम उभी करावी लागली.

६/
खरा हादरा बसला फेब्रुवारी १९८५ मध्ये. फर्स्ट नॅशनल बँक ऑफ बोस्टन या प्रतिष्ठित बँकेने न्यायालयात गुन्हा कबूल केला. परदेशी बँकांशी, मुख्यतः स्विस बँकांशी झालेल्या १२२ कोटी डॉलरच्या रोख व्यवहारांचे अहवाल तिने दिलेच नव्हते. दंड होता अवघा ५ लाख डॉलर. बँकेची बेअब्रू मात्र त्याहून कितीतरी मोठी झाली.

७/
कायद्यात एक सवलत होती. ज्या दुकानांत रोजच मोठी रोकड जमते, त्यांना बँक अहवालातून वगळू शकत असे. बोस्टनच्या या सवलतीच्या यादीत अँजुलो या माफिया कुटुंबाच्या स्थावर मालमत्तेच्या कंपन्याही निघाल्या. ज्यांच्यासाठी कायदा केला, तेच कायद्याच्या बाहेर ठेवले गेले होते! यानंतर अनेक बँका स्वतःहून आपल्या चुका सांगण्यासाठी अर्थखात्याकडे गेल्या. त्याच वर्षी क्रॉकर नॅशनल बँकेला २२.५ लाख डॉलरचा दंड झाला.

८/
१९८६ मध्ये मनी लाँडरिंग हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. मोठी रक्कम १०,००० च्या आतल्या तुकड्यांत भरून अहवाल चुकवण्याची युक्तीही गुन्हा ठरली. परंतु धाक दाखवून फॉर्म भरून घेता येतात. शंका बोलून दाखवण्यासाठी विश्वास लागतो. एखाद्या खातेदाराविषयी संशय कळवला आणि त्यानेच बँकेवर दावा ठोकला तर? हा प्रश्न बँक अधिकाऱ्यांच्या मनात कायम होता.

९/
त्याचे उत्तर १९९२ च्या अनुंझिओ-वायली कायद्याने दिले. संशय कळवणाऱ्या बँकेला दाव्यांपासून संरक्षण मिळाले. त्याच वेळी खातेदाराला त्याचा सुगावा लागू न देण्याचे बंधन आले. पूर्वी एकाच प्रकरणाचे कागद अनेक खात्यांकडे धाडावे लागत. १९९६ पासून एकच अहवाल आणि तो पाठवण्याचे एकच ठिकाण ठरले: १९९० मध्ये स्थापन झालेली 'फिनसेन' ही संस्था.

१०/
तरीही माहिती वाहत होती ती एकाच दिशेने. बँक कळवत असे. पुढे काय झाले, हे तिला क्वचितच कळे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आलेल्या पॅट्रियट अ‍ॅक्टच्या कलम ३१४ ने हे चित्र बदलले. तपास यंत्रणा संशयितांची नावे फिनसेनमार्फत बँकांकडे पाठवू लागल्या आणि बँकांना परस्परांत माहिती देण्याघेण्याची मुभा मिळाली.

११/
याच प्रवासाचे धागे भारतापर्यंत येतात. १९८९ च्या पॅरिस परिषदेत जी-७ राष्ट्रांनी 'एफएटीएफ' हा गट स्थापन केला. भारत २०१० मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. त्याआधीच, २००४ मध्ये दिल्लीत फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट उभे राहिले आणि २००२ चा पीएमएलए कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. दहा लाखांवरील रोख व्यवहारांची माहिती भारतीय बँका याच युनिटला कळवतात. बँकेत 'केवायसी'साठी मागितल्या जाणाऱ्या कागदांमागेही हाच इतिहास आहे.

१२/
या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. बोस्टनने दाखवले, की बँकेचे मौन गुन्हेगाराच्या पथ्यावर पडते. उलट, दंडाच्या भीतीने बँका पुढे उठसूट अहवाल धाडू लागल्या, तेव्हा कामाची माहिती कागदांच्या ढिगाखाली दडू लागली. आणि १९७४ मध्ये बँका व नागरी हक्कांचे कार्यकर्ते यांनी मिळून विचारलेला प्रश्न अद्याप शिल्लकच आहे: चोर पकडण्यासाठी सावाच्या खात्यात किती डोकवावे? सहकार्य जितके घट्ट होत जाईल, तितका हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागेल.