घुमटातले रंगीत इंजिन

पालेगावहून मुंबईला निघालेला माणूस अंबरनाथला लोकल पकडतो आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. उतरल्यावर मान वर करून पाहायला सवड कोणाला? पण तेथील मुख्य इमारतीच्या घुमटातील रंगीत काचांच्या खिडक्या मुद्दाम पाहण्याजोग्या आहेत. याच इमारतीत रेल्वेने आपल्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले. २०१८ मध्ये तर सगळी इमारतच संग्रहालय करण्याचा विचार पुढे आला होता.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ ते १८८८ या काळात ही वास्तू उभी राहिली. युरोपातील चर्चमध्ये अशा काचांवर संत आणि बायबलातील प्रसंग असत. येथे आहे आगगाडीचे इंजिन! सोबत पानाफुलांची नक्षी. प्रार्थनामंदिरातील कला यंत्राच्या कौतुकाला लागली, असे म्हणायला हरकत नाही.

या कलेत रंग बहुतांशी काचेच्या अंगातच असतो. काचेच्या रसात कोबाल्टचे संयुग मिसळले की ती निळी होते, मँगॅनीजचे मिसळले की जांभळी. तांब्याने किंवा सोन्याने लाल. चांदीचे संयुग मात्र तयार काचेवर लावून ती भट्टीत तापवतात, मग पिवळा रंग उमटतो. रंगीत तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख देतात.

जुन्या खिडक्यांवरूनच एक समजूत रूढ झाली: काच हा अतिशीत द्रव आहे, ती शतकानुशतके ओघळते, म्हणून जुन्या तावदानांची खालची कड जाड असते. आम्हीही हे वर्गात सांगितले आहे. ते चूक होते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ झानोटो यांनी १९९८ मध्ये गणित मांडून दाखविले, की नेहमीच्या तापमानाला काच डोळ्यांना जाणवेल इतकी ओघळण्यास विश्वाच्या वयाहूनही कितीतरी अधिक काळ लागेल. मग जाडी कुठून आली? पूर्वी काच फुंकून, गरगर फिरवून तिची तबकडी करीत. ती सर्वत्र सारख्या जाडीची होत नसे. कारागीर पुष्कळदा जाड कड खाली ठेवी. वरची कड जाड असलेली तावदानेही सापडतात! शिशाच्या पट्ट्यांची जुनी खिडकी कालांतराने फुगते, वाकते, हे खरे. पण तेथे वाकते ते मऊ शिसे.

मुलांना दाखवायला न्यायचे तर चांगल्या उन्हाच्या वेळी न्यावे आणि आतूनच पाहावे. रस्त्यावरून त्याच काचा दिवसा काळपट दिसतात.