माती, गादी आणि कुस्तीशौकिनांची हळहळ

१/ कन्नडकरांनी अवश्य ध्यानी ठेवावे: पहिली 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा १९६१ साली आपल्याच जिल्ह्यात, औरंगाबादेत भरली. विजेते ठरले दिनकर दह्यारी.

२/ जुन्या निकाली कुस्तीसाठी रसिक आजही हळहळतात. तेथे गुणांचा हिशेब नसे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला टेकली, तरच तो चितपट.

३/ परंतु ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्याच गादीवर त्यांनी कांस्यपदक जिंकले.

४/ आज 'केसरी'ची अंतिम लढत माती आणि गादी या दोन विभागांच्या विजेत्यांत होते. हळहळ रास्तच, पण मातीचे मोल जाणण्यासाठी गादीचा द्वेष कशाला? खाशाबांनी तो केला नाही.